अंगठ्याएवढ्या जोडाची कुळकथा

गच्चीवर सौर पॅनल बसवायचे ठरले की घरात चर्चा होते ती पॅनल कोणत्या कंपनीचे, इन्व्हर्टर कोणता, अनुदान किती आणि बिल किती उतरणार याची. पॅनलाच्या पाठीमागून निघणाऱ्या दोन काळ्या वायरींच्या टोकाला काय आहे, हे सहसा कुणी विचारत नाही. तिथे अंगठ्याएवढा काळ्या प्लास्टिकचा जोड असतो. वायरमन त्याला ‘एमसी फोर’ म्हणतो. एका वायरीचे टोक तो दुसरीच्या टोकात खुपसतो, ‘टक्’ असा आवाज आला की पुढच्या पॅनलाकडे वळतो. त्या क्षणापासून त्या जोडाने वीस-पंचवीस वर्षे ऊन, पाऊस, धूळ आणि वीज एकत्र सोसायची असते. सगळ्या सौर यंत्रणेत सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी ही एक. आणि छतावर आग लागली तर तपास करणारे आधी जिथे पाहतात त्या जागांपैकीही एक. म्हणून तिचे कूळ आणि मूळ जाणून घेण्यासारखे आहे.

25 एप्रिल 1954 रोजी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौर घट जगाला दाखवला. त्यानंतर कित्येक वर्षे सौर पॅनल एकांड्या शिलेदारासारखे वापरले गेले. कुठे उपग्रहावर, कुठे दीपस्तंभावर, कुठे डोंगरमाथ्यावरच्या दूरसंचार मनोऱ्यावर. जमिनीवरच्या पॅनलाचे काम बहुधा 12 व्होल्टची बॅटरी भरणे एवढेच असे. पॅनलाच्या पाठीवर एक डबी, म्हणजे जंक्शन बॉक्स. झाकण उघडायचे, वायर आत घ्यायची, स्क्रू पिळायचा, झाकण लावायचे. एवढ्या कमी दाबाला ही सोय पुरेशी होती. स्क्रू थोडा सैल राहिला तरी दिवा मंद होई, त्यापलीकडे फारसे बिघडत नसे.

गणित बदलले ते पॅनल घराच्या छतावर चढून थेट वीजजाळ्याला जोडले जाऊ लागल्यावर. जर्मनीने 1990 मध्ये ‘हजार छपरे’ नावाची योजना सुरू केली. इन्व्हर्टरला शेकडो व्होल्ट हवे असतात, म्हणून पॅनल एकामागे एक ओवून त्यांची ‘स्ट्रिंग’ करावी लागते. आजच्या 540 वॉटच्या सहा पॅनलांची ओळ घेतली तरी दाब 300 व्होल्टच्या आसपास जातो. मोठ्या प्रकल्पांत तो 1000 आणि 1500 व्होल्टपर्यंत नेतात.

त्यात दोन गोष्टी घातक. पहिली, पॅनलाला बटण नसते. ऊन आहे तोवर त्याच्या टोकांवर दाब आहेच; जोडणाऱ्याला जिवंत वायरी हाताळण्यावाचून गत्यंतर नाही. दुसरी, ही वीज डीसी असते. घरातली एसी वीज सेकंदाला 100 वेळा शून्यावर येते, त्यामुळे जोड सुटताना ठिणगी पेटली तरी विझायला तिला संधी मिळते. डीसीत शून्य येतच नाही. चालू प्रवाहात जोड ओढून काढला की पेटलेली ज्योत तशीच ताणली जाते आणि तिच्या उष्णतेने प्लास्टिकच काय, तांबेही वितळते. अशा विजेसाठी उतरत्या छपरावर, शिडीवर तोल सावरत, प्रत्येक पॅनलामागची डबी उघडून स्क्रू पिळत बसणे हे काम वेळखाऊ होतेच, जिवावरचेही होते. पॅनल कारखान्यातूनच वायरीसकट यावे आणि छतावर नुसते टोकाला टोक जोडावे, ही गरज तिथे निर्माण झाली.

ती भागवणारी वस्तू सौरऊर्जेच्या क्षेत्रात जन्मली नाही. तिच्या पोटात तीन वेगळ्या घराण्यांची विद्या नांदते आहे.

पहिले घराणे पाणी अडवणाऱ्यांचे. डेन्मार्कमध्ये जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेल्या नील्स ख्रिस्टेन्सन या यंत्रज्ञाला 1939 मध्ये रबराच्या गोल कडीचे, म्हणजे ओ-रिंगचे, अमेरिकी पेटंट मिळाले. खाचेत बसवलेली कडी किंचित दाबली गेली की ती फट बुजवते, आणि बाहेरून दाब वाढला तर आणखी घट्ट बसते. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या तेलदाबावर चालणाऱ्या यंत्रणांत ती सर्रास वापरली गेली. आज एमसी फोरच्या एका टोकाच्या नाकाभोवती जी रबरी कडी दिसते ती हीच.

दुसरे घराणे वायरीला टोक लावणाऱ्यांचे. 1941 मध्ये अमेरिकेत यू. ए. व्हिटेकर यांनी एएमपी ही कंपनी काढली. तिच्या मूळ नावातच विमान आणि जहाज हे दोन्ही शब्द होते, आणि तिचा माल होता झाळकाम न करता वायरीला लावायचे धातूचे टोक. विमानात हजारो जोड आणि सतत कंपने. प्रत्येक जोडाला झाळ देत बसायला वेळ नाही आणि दिलेली झाळ टिकेल याची खात्री नाही. त्यावर उपाय म्हणजे क्रिंप. धातूची नळी वायरीच्या तारांभोवती ठरलेल्या आकारात इतक्या जोराने दाबायची की तारांमध्ये हवेलाही जागा राहू नये. हवा नाही तर गंज नाही, आणि गंज नाही तर अडथळा वाढत नाही.

तिसरे घराणे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचे. तिथे 1962 मध्ये मल्टी-कॉन्टॅक्ट ही कंपनी स्थापन झाली. पिन आणि सॉकेट वरून कितीही गुळगुळीत दिसोत, दोन धातू प्रत्यक्षात मोजक्याच बिंदूंवर एकमेकांना शिवतात आणि सगळा प्रवाह त्या बिंदूंतून दाटीवाटीने जातो. या कंपनीने तांब्याच्या मिश्रधातूची पातळ पट्टी घेतली, तिला खिडकीच्या झडपांसारख्या बारीक पात्या काढल्या आणि ती सॉकेटच्या आत बसवली. प्रत्येक पाती स्प्रिंगसारखी पिनेला स्वतंत्रपणे टेकते. वाटा अनेक झाल्या की प्रवाह वाटला जातो आणि जोड थंड राहतो. मोठमोठ्या विद्युत प्रवाहांसाठी घडवलेली ही युक्ती पुढे पॅनलाच्या वायरीत आली.

1996 मध्ये मल्टी-कॉन्टॅक्टने खास सौर पॅनलांसाठी एमसी थ्री आणला. नावातली अक्षरे कंपनीची आणि आकडा पिनेच्या जाडीचा, म्हणजे तीन मिलिमीटर. अंग रबरासारखे मऊ, बसल्यावर फक्त घर्षणाने धरून ठेवणारे. त्याने छतावरचे काम कमालीचे सोपे केले. मात्र वायर ओढली गेली तर तो निसटू शकत असे, आणि चालू प्रवाहात निसटणे म्हणजे ज्योत. नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत त्याचा वारस आला, एमसी फोर. पिन चार मिलिमीटरची, अंग कडक प्लास्टिकचे आणि दोन्ही बाजूंना खटके. आता जोड हाताने बसतो, पण सोडवायला दोन दातांचा छोटा पाना लागतो. 2008 च्या अमेरिकी वीजसंहितेने हाताशी येतील अशा ठिकाणी अवजाराशिवाय न उघडणारे जोड सक्तीचे केले, आणि एमसी थ्रीचा काळ संपत आला.

एमसी फोर येण्याच्या सुमारास, 2002 मध्ये, मल्टी-कॉन्टॅक्ट स्टॉब्ली या स्विस उद्योगाने विकत घेतली. स्टॉब्लीचा जन्म 1892 चा, झुरिचजवळच्या होर्गेन गावातला, आणि पहिला धंदा मागावरच्या डॉबीचा. इचलकरंजीच्या विणकराला डॉबी काय हे सांगावे लागत नाही. कापडावरची नक्षी ताब्यात ठेवणारे यंत्र बनवणाऱ्या घराकडे छतावरच्या विजेचा जोड गेला.

एमसी फोर इतका चालला की त्याचे नाव वस्तूचेच नाव झाले आणि तसे दिसणारे जोड असंख्य कारखाने काढू लागले. त्यांच्या पाकिटावर ‘एमसी फोर कम्पॅटिबल’ असे लिहिलेले असते. ते एकमेकांत बसतात, ‘टक्’ आवाजही येतो. अडचण नेमकी इथे आहे. बाहेरच्या साच्याची नक्कल करता येते. पिनेची मिलिमीटरच्या शतांशातली मापे, तिच्यावरचा मुलामा, पात्यांचा ताण, रबराची कडी आणि प्लास्टिक तापल्यावर किती फुगते याचा हिशेब प्रत्येक कारखान्याचा वेगळा. दोन्ही टोके आपापल्या जागी उत्तम असतील, तरी ती एकमेकांसाठी घडवलेली नसतात आणि त्या जोडीची चाचणी कुणी केलेली नसते. म्हणून सौर यंत्रणेच्या रचनेचे आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी 62548, एका जोडाची दोन्ही टोके एकाच उत्पादकाची आणि एकाच प्रकारची असावीत असे सांगते. 2019 मध्ये तर आयईसीने केवळ या विसंगतीवर स्वतंत्र तांत्रिक अहवाल काढला.

आकड्यांत पाहू. छतावरच्या ओळीतून 13 अँपिअर प्रवाह वाहतो आहे असे धरा. जोडाचा अडथळा अर्धा मिलिओहम असेल तर त्यात जेमतेम 0.08 वॉट उष्णता तयार होते. पात्या नीट न टेकल्याने किंवा गंजल्याने तोच अडथळा 50 मिलिओहम झाला, तर उष्णता साडेआठ वॉटवर जाते, आणि तीही अंगठ्याएवढ्या बंद प्लास्टिकमध्ये. उष्णतेने पात्यांचा ताण सुटतो, ताण सुटला की अडथळा वाढतो, अडथळा वाढला की आणखी उष्णता. या सगळ्यात 300 व्होल्टमधले फक्त 0.65 व्होल्ट हरवलेले असतात. इन्व्हर्टरला ते जाणवत नाहीत, मोबाइलवरच्या आलेखात दिसत नाहीत. जळायला निघालेला जोड वीजनिर्मितीच्या आकड्यांत लपून राहतो, हे त्याचे सर्वांत धोकादायक लक्षण.

आता पाण्याकडे. जोडावर आयपी 65, 67 किंवा 68 लिहिलेले असते. त्यातला 6 धुळीला पूर्ण मज्जाव सांगतो. पुढचा 5 म्हणजे पाण्याचा फवारा सोसणे, 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, आणि 8 म्हणजे त्याहून कठीण, उत्पादकाने ठरवून दिलेल्या परीक्षेत टिकणे. हे आकडे खरे ठरायला तीन अटी लागतात. जोड पूर्ण बसलेला हवा, वायरीची जाडी मागच्या रबरी बुचाला साजेशी हवी, आणि मागची टोपी, म्हणजे नट, दिलेल्या जोराने आवळलेली हवी. उघड्या टोकाला पाण्यापासून काहीही संरक्षण नसते. मे अखेरीस पॅनल चढवले, वायरींची टोके तशीच लोंबत ठेवली, मधे वळवाची सर आली आणि दोन दिवसांनी जोडणी केली, तर आत गेलेले पाणी तिथेच कोंडले जाते. बाहेरचे पाणी आत येऊ न देणारी कडी आतलेही बाहेर जाऊ देत नाही. मग पावसाळ्यातल्या सकाळी इन्व्हर्टर इन्सुलेशनचा दोष दाखवतो, उन्हे वर आली की तो आपोआप नाहीसा होतो आणि तक्रार कुणी मनावर घेत नाही. कोकणात तर पावसाच्या जोडीला खारी हवा, म्हणजे गंजाला आयतेच आमंत्रण. टोकांना लावायच्या रबरी टोप्या अगदी स्वस्त मिळतात. काम अर्धवट राहणार असेल तर त्या त्याच दिवशी लावाव्यात.

जोड कसा करतात हे एकदा जवळून पाहावे. चांगला कारागीर वायरीचे आवरण ठरलेल्या लांबीइतकेच सोलतो, एकही तार तुटू देत नाही. तारा पिनेच्या नळीत घालतो आणि त्याच पिनेसाठीच्या क्रिंपरने दाबतो. ही पक्कड पुरेसा दाब बसल्याशिवाय तोंडच उघडत नाही. मग पिन अंगात सरकवतो, आतला खटका लागला की वायर मागे ओढून पाहतो आणि शेवटी पान्याने नट आवळतो. साध्या पकडीने चेपलेली पिनही त्या दिवशी वीज देतेच. फरक दोन-तीन पावसाळ्यांनी कळतो.

निवड करताना म्हणून काय पाहावे? सहा पॅनलांच्या ओळीत मधले पाच जोड पॅनलाच्या कारखान्यातून आलेल्या टोकांचे असतात आणि पॅनल एकाच मॉडेलची असतील तर ती टोकेही बहुधा एकाच घरची असतात. प्रश्न येतो तो पहिल्या आणि शेवटच्या जोडाचा. तिथे एक टोक पॅनलाचे असते आणि दुसरे ठेकेदाराने बाजारातून आणलेले. तेव्हा पॅनलाच्या माहितीपत्रकात कनेक्टरचा उत्पादक आणि मॉडेल कोणते ते वाचावे आणि तेच मागवावे. ‘एमसी फोर’ एवढेच लिहिले असेल तर उत्पादकाचे नाव विचारून घ्यावे. इन्व्हर्टरसोबत खोक्यात आलेली टोके इन्व्हर्टरच्या बाजूलाच वापरावीत. पॅनलाचे मूळ टोक कापून दुसरे लावू देऊ नये, त्याने पॅनलाची हमी धोक्यात येते. आयईसी 62852 या मानकाचे प्रमाणपत्र, यंत्रणेला पुरेसा व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा, आणि आपल्या 4 किंवा 6 चौरस मिलिमीटर केबलच्या बाहेरच्या जाडीला बसणारे बूच, एवढे पाहिले की वस्तूची निवड झाली. मग जागेची. जोड पत्र्यावर किंवा स्लॅबवर पडलेला नसावा. पॅनलाच्या सावलीत, चौकटीला बांधलेला असावा. वायर जोडाकडे खालून वर यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी जोडापर्यंत न पोचता खालीच टपकेल. शेतातल्या सौर पंपाला हेच सगळे लागू, वर गवत आणि उंदरांपासून राखण.

फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेचे लक्ष्य एक कोटी घरांचे आहे, तीन किलोवॉटला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे आणि महाराष्ट्रातल्या गच्च्या झपाट्याने भरत आहेत. कामाचा वेग वाढला की अशाच लहान वस्तूंत काटकसर होते. म्हणून माझे सांगणे आग्रहाचे आहे: कोटेशनमध्ये पॅनल आणि इन्व्हर्टरच्या खाली कनेक्टरचा उत्पादक आणि मॉडेल लिहून मागा, आणि क्रिंपर कोणता वापरणार तेही विचारा. खर्चात पडणारा फरक काही शे रुपयांचा असेल. विमानाच्या, यंत्रशाळेच्या आणि पिढ्यानुपिढ्यांच्या अनुभवातून ही विद्या आपल्या गच्चीपर्यंत आयती आली आहे. दोन्ही टोके एकाच घरची घेणे आणि ती नीट दाबून, आवळून बसवणे, एवढेच काम आपल्याकडे उरले आहे.