थकव्यावरचा जपानी काढा आणि त्यातला ज्येष्ठमध

कांपो हे जपानचं पारंपरिक वनौषधी वैद्यक. मूळ चीनचं, पण जपानी वैद्यांनी शेकडो वर्षांत त्याला आपलं वळण दिलं. पोट हातानं दाबून तपासण्यावर त्यांचा विशेष भर.

थकवा-अशक्तपणावर त्यातलं सर्वांत परिचित नाव होचूएक्कितो. हा काढा १३व्या शतकातले चिनी वैद्य ली दोंगयुआन यांचा. पचन बिघडलं की अंगातली शक्तीच आटते, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आजारपणानंतर अन्न जात नाही, हातपाय गळून गेलेत, अशा माणसाला तो देतात. घटक दहा. जिनसेंगची मुळी मुख्य घटकांपैकी एक. शिवाय संत्र्यासारख्या फळाची वाळलेली साल, चिनी बोरं, आलं आणि आपल्या ओळखीचा ज्येष्ठमध.

पण थकला म्हणून सरसकट हाच काढा, असं नाही. माणसाची एकूण ठेवण बघून, जपानीत 'शो' म्हणतात ती ठरवून, औषध निवडायचं. चेहरा फिकट, त्वचा कोरडी असेल तर जुझेन-ताइहोतो.

आता उकळत बसायची गरज नाही. दाणेदार पुडी मिळते, जेवणाआधी पाण्याबरोबर घ्यायची. एका मोठ्या कंपनीच्या होचूएक्कितोच्या पाकिटावर ४१ नंबर असतो, नाव लक्षात ठेवायलाच नको! ॲलोपॅथीचे डॉक्टरच ही औषधं लिहून देतात. १९७६ पासून बरीच कांपो औषधं सरकारी आरोग्य विम्यात आहेत, आज १४८. बहुतेक रुग्णांच्या खिशातून ३० टक्केच जातात. हिशेबाच्या दृष्टीनं मला हीच बाब मोठी वाटते.

वनस्पतीचं म्हणून निर्धोक, हा समज मात्र तिथेही महागात पडलाय. शोसाइकोतो हे यकृतविकारावर दिलं जाणारं कांपो औषध. ते घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसांना सूज येऊन मृत्यू झाल्यावर १९९६ मध्ये सरकारनं तातडीचा इशारा काढला.

होचूएक्कितोत धोका ज्येष्ठमधाचा. तो जास्त झाला की रक्तातलं पोटॅशियम उतरतं, अंगात पाणी साठतं, बीपी चढतं, पाय सुजतात. स्नायूही दुबळे होतात, म्हणजे ज्यासाठी औषध घेतलं तेच वाढतं! बऱ्याच कांपो औषधांत ज्येष्ठमध असल्यानं दोन पुड्या एकदम चालू असतील तर मात्रा नकळत वाढते. बीपीची किंवा लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि थकवा आठवडेच्या आठवडे हटत नसेल तर आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर तपासून घ्यावी.