कापड कोणते घ्यावे?

शिंप्याला माप देण्यापूर्वी माणसाला एका प्रश्नाचे उत्तर ठरवावे लागते : कापड कोणते घ्यावे? प्रश्न घरगुती आहे. त्यात इतिहासाचा काय संबंध, अशी शंका श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु एकोणिसाव्या शतकापासून महाराष्ट्रातील पुरुषांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरे एकापुढे एक मांडली, तर हवामान, व्यापार, राजसत्ता आणि स्वाभिमान या चौघांचाही त्या निवडीत हात होता असे दिसते. तोच धागा आम्ही येथे थोडा उलगडून पाहणार आहोत.

प्रथम हवामानाचा विचार करू. धोतर, उपरणे, पागोटे ही न शिवलेली वस्त्रे. तेथे पाहायचे ते सूत, पोत आणि काठ. अंगरखा व बाराबंदी शिवलेली खरी, पण ती बंदांनी बांधायची आणि अंगावर सैल राहायची. त्यांना साधे सुती कापड पुरे होई. इंग्रजी अमलात कोट आला आणि प्रश्न अवघड झाला. कोटाला खांदा आहे, छाती आहे, कॉलर आहे. लोकरीचे कापड वाफेने व इस्त्रीने वळते आणि दिलेला आकार धरून ठेवते. सुताला तो गुण फारच थोडा. म्हणून विलायतेतील शिंपीविद्या लोकरीवर पोसली गेली. पण थंड देशातली जाड बनात आपल्या वैशाखात अंगावर कशी सोसावी?

यातून ज्या तडजोडी निघाल्या, त्यांतली एक म्हणजे अल्पाका. ब्रॅडफर्डच्या टायटस सॉल्ट याने 1836 च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतील या प्राण्याची लोकर विणण्यास घेतली. उभा धागा सुताचा, आडवा अल्पाकाचा, अशी ती वीण होती. कापड हलके, किंचित ताठ आणि तुळतुळीत; त्यावर धूळ फारशी टिकत नसे. आपल्याकडच्या वकिलांच्या आणि कारकुनांच्या अंगावरचा काळा अल्पाका कोट केवळ साहेबाच्या अनुकरणाने आला असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे होईल. त्यात उन्हाचा आणि खिशाचा हिशेबही होता.

आता व्यापार आणि राजसत्ता. कावसजी दावर यांनी 1854 मध्ये मुंबईत कापसाच्या गिरणीची कंपनी काढली. 1877 मध्ये नागपुरास जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. पण आपल्या कापसाचा धागा आखूड, त्यातून निघणारे सूत जाडेभरडे; तलम कापडाची बाजारपेठ लँकेशायरच्या हाती राहिली. त्यात 1896 मध्ये सरकारने परदेशी कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवली आणि तेवढाच कर देशी गिरण्यांच्या कापडावरही बसवला. स्वतःच्या देशातल्या मालाला परक्याच्या बरोबरीने कर देण्याची ही व्यवस्था 1926 पर्यंत चालली. दुकानातल्या ताग्यावर हात फिरवणाऱ्या गिऱ्हाइकापर्यंत लंडनचा निर्णय असा येऊन पोहोचत होता.

अशा वेळी जाडेभरडे कापड मुद्दाम निवडणे यालाच अर्थ आला. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, 1877 च्या दिल्ली दरबारात जरीकिनखापांच्या गर्दीत खादी लेऊन गेले. 1905 च्या ऑक्टोबरात पुण्यात परदेशी कापडाची होळी पेटली. 31 जुलै 1921 रोजी मुंबईत परळला गांधीजींच्या हस्ते दुसरी मोठी होळी झाली. 12 डिसेंबर 1930 रोजी काळबादेवीत विलायती कापडाची लॉरी अडवताना बाबू गेनू हा गिरणी कामगार तिच्याखाली प्राणास मुकला. कापडाच्या निवडीची एवढी किंमत दिली गेली.

परंतु चित्राची दुसरी बाजू सांगितली नाही, तर आमचे कथन अपुरे राहील. 1888 मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ पुण्यात भोजन होते. तेथे जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि खरा देश या झगमगाटात नाही, हे त्यांनी तोंडावर सांगितले. पुढच्या काळात डॉ. आंबेडकरांनी उत्तम शिवणीचा सूट आपला वेष केला. ज्यांच्या पूर्वजांना चांगले वस्त्र नेसण्याचीही चोरी होती, त्यांच्या दृष्टीने तो सूट हा माणुसकीच्या हक्काचा उच्चार होता. जाडेभरडे वस्त्र एकाचे व्रत असते, दुसऱ्यावर लादलेली सक्ती असते. तेव्हा वस्त्रावरून माणसाची परीक्षा करण्याआधी, त्याला निवडीचे स्वातंत्र्य किती होते हे विचारले पाहिजे.

पुढची हकिकत सर्वपरिचित आहे. 1941 मध्ये इंग्लंडात व्हिनफील्ड व डिक्सन यांनी टेरिलीनचा शोध लावला. त्यातून आलेल्या टेरिकॉटने इस्त्रीची कटकट कमी केली, पण घाम शोषण्याचा सुताचा गुण उणावला. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगावाचे वैभव परत आले नाही. आज तयार कपड्यांचा सुळसुळाट आहे. त्यात सोय आहे, हे मान्य केले पाहिजे. पण कापड उजेडापुढे धरून वीण पाहावी, मुठीत चुरगाळून सोडावे आणि सुरकुती किती राहते ते पाहावे, सुती असेल तर बेतण्यापूर्वी भिजवून आटवून घ्यावे, ही जाण घराघरांतून ओसरत चालली आहे.

ती टिकावी असे आम्हांस वाटते, आणि ते केवळ काटकसरीसाठी नव्हे. कापसाचा शेतकरी, विणणारा, शिंपी आणि नेसणारा यांना जोडणारा तो एक धागा आहे. कापड निवडताना हे चौघे डोळ्यांपुढे असले, तर अंगावरचा सदरा आपल्याला शोभेल आणि इतरांनाही अन्यायाचा होणार नाही.