वस्त्रगाळ ते टेफ्लॉन : गाळणीवर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा?

मराठी घरात सुंठ-ओव्याचे चूर्ण करायचे असले की एक शब्द हमखास येतो – वस्त्रगाळ. खलात कुटायचे, मग पातळ कापडातून चाळायचे. फडक्यातून खाली पडेल ते औषध, वर राहील तो चोथा. हकिमांच्या दवाखान्यात अर्क आणि काढे गाळण्यासाठी असेच फडके लागते. उर्दूत त्याला ‘साफी’ म्हणतात.

उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवत असल्याने असे शब्द मला सारखे भेटतात आणि त्यांच्या मागे जाण्याची सवय लागते. ‘अर्क’ हा शब्द अरबी ‘अरक’वरून आला, त्याचा मूळ अर्थ घाम. भांड्याच्या आतल्या बाजूने थेंब ओघळतात ते घामासारखे दिसतात म्हणून. ‘अत्तर’ आले ‘इत्र’वरून. सगळ्यात गमतीदार प्रवास ‘अल्कोहोल’चा आहे. मूळ अरबी शब्द ‘अल-कुह्ल’ म्हणजे सुरमा, अगदी बारीक पूड. आपल्या भाषेत सांगायचे तर वस्त्रगाळ पूड. युरोपात हा शब्द आधी कोणत्याही अतिसूक्ष्म पुडीसाठी, नंतर पदार्थाच्या सारासाठी वापरला गेला. सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने तो द्राक्षमद्याच्या सारासाठी वापरला आणि पुढे तोच अर्थ रूढ झाला. वनस्पतीतला गुण ओढून घेणारे आजचे सर्वांत प्रचलित द्रावक आपल्या नावात गाळण्याचीच आठवण बाळगून आहे.

हा विषय पुन्हा डोक्यात आला तो वसमतच्या एका माजी विद्यार्थ्यामुळे. वसमत म्हणजे हळदीची बाजारपेठ. हळदीपासून ओलिओरेझिन, म्हणजे रंग-वास-चव असलेला दाट अर्क काढण्याचा छोटा उद्योग सुरू करायचे त्याच्या मनात आहे. यंत्रसामग्रीचे कोटेशन घेऊन तो आला आणि म्हणाला, “सर, बाकी सगळं ठरलंय. फिल्टर कोणता घ्यायचा तेवढं राहिलंय. स्वस्तातला चालेल ना? शेवटी गाळणीच तर आहे.”

‘गाळणीच तर आहे’ हे वाक्य मला महत्त्वाचे वाटले, कारण इतिहास नेमका याच्या उलट सांगतो.

कर्अ-अंबीक आणि मुहतसिब

वनस्पतीतून सार काढण्याचे तंत्र शास्त्रशुद्ध पद्धतीने लिहून ठेवण्यात नवव्या-दहाव्या शतकातील अरबी लेखकांचा वाटा मोठा आहे. अल-किंदीने अत्तरांचे रसायन आणि ऊर्ध्वपातन यांवर ग्रंथ लिहिला, त्यात शंभराहून अधिक कृती आहेत. अबू बक्र अल-राझीने ‘किताबुल असरार’मध्ये रसायनशाळेतील उपकरणांची वर्गवारी केली. भट्ट्या, मुशी, कर्अ-अंबीक आणि गाळण्याची साधने अशी ती मांडणी आहे. कॉर्डोबाचा शल्यचिकित्सक अल-झहरावी याच्या ‘अत-तस्रीफ’ या तीस भागांच्या ग्रंथात औषधे शुद्ध करून तयार करण्यावर स्वतंत्र भाग आहे.

याच परंपरेतली दुसरी बाजू कमी चर्चिली जाते. ती म्हणजे देखरेख. बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला ‘मुहतसिब’ म्हणत. बाराव्या शतकात सीरियातील अल-शैझरीने मुहतसिबांसाठी मार्गदर्शिका लिहिली. तिच्यात औषधविक्रेते, अत्तरवाले आणि सरबत करणारे यांच्यावर वेगवेगळी प्रकरणे आहेत. कोणत्या मालात काय भेसळ होते आणि ती कशी ओळखायची, याचे तपशील त्यात दिले आहेत. बनवणाऱ्याच्या शब्दावर न थांबता माल तपासायचा, ही जाणीव तेव्हापासूनची आहे.

त्या काळची गाळणी म्हणजे कापड, लोकर, केस. युरोपातही तेच. ‘फिल्टर’ हा शब्द लॅटिन ‘फिल्ट्रम’वरून आला आणि त्याचा अर्थ नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेले जाड कापड. द्राव पाण्याचा किंवा सौम्य मद्याचा असेपर्यंत कापूस आणि लोकर पुरेशी होती.

द्रावक बदलले, गाळणी मागे राहिली

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. १८२० मध्ये पॅरिसच्या पेल्तिए आणि काव्हाँतू यांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनीन वेगळे केले. या कामात अल्कोहोलचा वापर होता. शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील ग्रास येथे फुलांचा सुगंध पेट्रोलियम ईथरसारख्या द्रावकाने ओढून घेण्याची पद्धत आली. आपल्याकडे कन्नौजमध्ये देग-भपक्यात वाफेवर अत्तर निघते, पण मोगरा-निशिगंधासारख्या फुलांचा मूळ वास उष्णतेने बिघडतो. द्रावकाने ही अडचण सोडवली. त्यातून आधी मेणासारखा घट्ट पदार्थ मिळतो, त्याला ‘काँक्रीट’ म्हणतात. तो अल्कोहोलमध्ये विरघळवून थंड केला की मेण गोठून वेगळे होते. ते गाळून काढले आणि अल्कोहोल उडवले की उरते ती ‘ॲब्सोल्यूट’. म्हणजे इथे गाळण्यावरच मालाचा दर्जा ठरतो. १८८८ मध्ये अर्न्स्ट ब्युखनरने निर्वातावर चालणारे गाळण्याचे नरसाळे मांडले. ते आजही प्रत्येक रसायनशाळेत दिसते.

परंतु द्रावक जितके जोरदार, तितका प्रश्न अवघड. ब्रेमेनच्या लुडविग रोझेलियसने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॉफीतून कॅफीन काढण्यासाठी बेंझिन वापरले. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो हे पुढे सिद्ध झाले आणि ते या कामातून बाद झाले. आज औषधांत राहू शकणाऱ्या द्रावकांसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा आहेत. बेंझिनसाठी २ पीपीएम, हेक्सेनसाठी २९० आणि इथेनॉलसाठी ५०००. या तीन आकड्यांतले अंतर पाहिले तरी सगळी द्रावके सारखी नाहीत हे कळते.

आपल्याकडे अत्तर घेताना ‘अल्कोहोल-फ्री आहे ना?’ एवढेच विचारले जाते. प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. अल्कोहोल नसेल तर सुगंध कशात मिसळला आहे, आणि तो काढताना कोणते द्रावक वापरले होते, हेही विचारायला हवे.

गाळणीनेच घात केला तेव्हा

गाळणी काय अडवते एवढेच आपण पाहतो. ती स्वतः मालात काय सोडते हे पाहत नाही. या दुर्लक्षाची किंमत विसाव्या शतकाने मोजली.

जर्मनीतील झाइट्झ कंपनीच्या गाळण्या एके काळी फार नावाजलेल्या होत्या. वाइन, बिअर, लस, रक्तद्रव सगळे त्यांतून गाळले जाई. त्यांच्या जाड चकत्यांमध्ये ॲस्बेस्टॉस असे. त्याचे तंतू जंतू उत्तम धरून ठेवतात. मात्र तेच तंतू सुटून द्रवात उतरतात, आणि ॲस्बेस्टॉस कर्करोगकारक आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इंजेक्शनच्या औषधांसाठी अशा गाळण्यांवर बंधने आणली.

त्याहून विदारक उदाहरण सिगारेटचे आहे. १९५२ मध्ये अमेरिकेत केंट नावाची सिगारेट आली. तिची जाहिरातच मुळी सुरक्षित फिल्टरची होती. १९५६ पर्यंत त्या फिल्टरमध्ये निळे ॲस्बेस्टॉस, म्हणजे ॲस्बेस्टॉसच्या सर्वांत घातक प्रकारांपैकी एक, वापरले जात होते. लोकांनी जपून ओढावी म्हणून जी सिगारेट घेतली, तिच्या गाळणीतूनच विष छातीत गेले.

गाळणीची दुसरी मर्यादा मुंबईने अनुभवली आहे. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली. १९३७ मध्ये अमेरिकेत याच रसायनात सल्फा औषध विरघळवून विकले गेले होते आणि शंभराहून अधिक माणसे मेली होती. असे द्रव कितीही बारीक गाळणीतून काढले तरी उपयोग नाही. गाळणी न विरघळलेला कण अडवते. जे विरघळले आहे ते तिच्यातून आरपार जाते. द्रव काचेसारखा स्वच्छ दिसतो म्हणून तो निर्धोक ठरत नाही.

मग निवड कशी करायची?

माझ्या विद्यार्थ्याला मी रसायनशास्त्राच्या शिक्षकाकडे आणि मग परवानाधारक अभियंत्याकडे पाठवले. तेथून जे समजले आणि जे वाचले, ते थोडक्यात असे.

पहिली गोष्ट, गाळणीचे द्रव्य द्रावकाला टिकणारे हवे. हळदीसाठी ॲसिटोन वापरतात. प्रयोगशाळेत सेल्युलोज ॲसिटेटच्या गाळणचकत्या सर्रास मिळतात, पण त्या ॲसिटोनमध्ये विरघळतात. म्हणजे गाळणीच अर्कात जाणार! साधा सेल्युलोजचा कागद मात्र ॲसिटोन, अल्कोहोल, हेक्सेन या तिन्हींत टिकतो. स्टेनलेस स्टीलची जाळीही टिकते. पीटीएफई, म्हणजे ज्याला आपण टेफ्लॉन म्हणतो, ते जवळजवळ सर्व द्रावकांत टिकते. रॉय प्लंकेट याला ते १९३८ मध्ये योगायोगाने सापडले होते.

दुसरी गोष्ट म्हणजे गाळणीभोवतीचे रबर. लोक चकती पाहून घेतात आणि झाकणाखालचे वायसर विसरतात. ईपीडीएम रबर ॲसिटोन-अल्कोहोलला चालते, पण हेक्सेनमध्ये फुगते. व्हायटन हेक्सेनला चालते, ॲसिटोनला नाही. सिलिकॉन हेक्सेनमध्ये फुगते. वायसर फुगले की गळती आणि गळती झाली की वाफ. म्हणून द्रावक बदलले तर वायसरही बदलायचे.

तिसरी गोष्ट, छिद्राचा आकडा. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. गाळणीवर ‘५ मायक्रॉन’ लिहिलेले असते, पण त्यापुढचा शब्द वाचावा. ‘नॉमिनल’ असेल तर त्या मापाचे बहुतेक कण अडतील, काही निसटतील. ‘ॲब्सोल्यूट’ असेल तर त्याहून मोठा कण जाऊ नये अशी हमी असते. हळदीची पूड बारीक असते, ती एकदम बारीक गाळणीवर ओतली तर छिद्रे बुजतात, दाब वाढतो आणि चकती फाटते. आधी जाड जाळी, मग मध्यम, शेवटी बारीक, असा क्रम ठेवायचा. घरात चहाची गाळणी आणि फडके वेगवेगळे असते, त्यातलाच हा विचार.

चौथी गोष्ट ठिणगीची. हेक्सेनसारखे द्रव बारीक छिद्रांतून वेगाने जाताना स्थिर विद्युत तयार होते. गाळणी, नळी आणि भांडे तारेने एकमेकांना जोडून जमिनीत अर्थिंग केले नसेल तर एक ठिणगी पुरते. हेक्सेनची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. १३ फेब्रुवारी १९८१ रोजी अमेरिकेतील लुईव्हिल शहरात सोयाबीन प्रक्रिया कारखान्यातून हेक्सेन गटारात गेले आणि मोटारीच्या ठिणगीने रस्त्याखालची गटारे मैलोगणती फुटत गेली. आपल्या लातूर-अकोल्याकडेही सोयाबीनचे तेल हेक्सेननेच काढले जाते, त्यामुळे ही घटना परकी समजू नये. असले काम घराच्या ओट्यावर किंवा बंद गाळ्यात करायचे नसते.

पाचवी गोष्ट कागदाची. गाळणीसोबत कोणत्या द्रव्याची, किती दाब-तापमानापर्यंत चालणारी, खाद्यपदार्थ किंवा औषधासाठी मान्य आहे का, याचे लेखी पत्रक मागावे. ‘सगळ्याला चालतं’ म्हणणाऱ्या दुकानदाराकडून घेऊ नये. आणि तयार अर्कात द्रावक किती उरले, ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे. कारण विरघळलेले गाळणीत अडकत नाही.

आपल्या समाजात अत्तर, युनानी औषधे, मसाले, मेंदी या व्यवसायांत पिढ्यान्‌पिढ्या असलेली कुटुंबे आहेत. त्यांतली तरुण मुले आता देग-भपक्याकडून यंत्राकडे वळत आहेत, हे चांगलेच आहे. पण इब्न सीना आणि अल-राझी यांची नावे भाषणात घेऊन वारसा पुढे जात नाही. त्यांच्या परंपरेत उपकरणाचे वर्णन होते तसेच बाजारात जाऊन माल पारखणारा मुहतसिबही होता. आज ते काम सरकारी निरीक्षकाचे आहेच, पण त्याच्याही आधी ते बनवणाऱ्याचे आहे. ज्याच्या नळीतून अर्क येतो त्याला गाळणीचे द्रव्य, वायसरचे नाव आणि तपासणीचा अहवाल, या तिन्ही गोष्टी गिऱ्हाइकाने विचारण्याआधी सांगता आल्या पाहिजेत. आणि गिऱ्हाइकानेही त्या विचारायला लाजू नये.