तांड्याचा मुक्काम

चाकांच्या घरांत बसून रानोमाळ मुक्काम करण्याची आज अपूर्वाई वाटते. यवतमाळ जिल्ह्यांतील बंजाऱ्यांचे पूर्वज मात्र पिढ्यान्‌पिढ्या बिऱ्हाड पाठीशीं घेऊनच फिरले. बैलांवर धान्य व मीठ, सोबत बायकामुलें आणि पुढें नायक, असा तो तांडा. १७ व्या शतकांतील फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये यानें १० ते १२ हजार बैलांचे तांडे वर्णिले आहेत. सायंकाळीं माळावर गोण्या उतरल्या कीं गांव वसे. पहांटे तें उठे. १८६७ सालीं आगगाडी वऱ्हाडांतून नागपुरास पोंचली. बैलांचा व्यापार हळूहळू बुडाला आणि तांडे नाइलाजानें स्थिरावले. तरी वस्तीचें नांव तांडाच राहिलें. पुसद तालुक्यांतील गहुली येथें १९१३ सालीं जन्मलेले वसंतराव नाईक याच समाजांतले. ते १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. आजचा मुक्काम हौसेचा. तांड्याचा पोटासाठीं होता.