अंधारकोठडी आणि कृष्णविवर

नवापूरच्या रेल्वे स्थानकातूनच महाराष्ट्र व गुजरात यांची हद्द जाते. फलाटाच्या एका टोकास सांजवेळी 'अंधार' पडतो, दुसऱ्या टोकास 'अंधारुं'. एवढ्याने कोणाचे अडत नाही. इंग्रजी शब्द मराठीत आणताना मात्र इतक्या सुखाने निभावत नाही. 'ब्लॅक होल' या जोडशब्दाचीच कथा पाहावी.

शब्दशः अर्थ 'काळे भोक'. परंतु अठराव्या शतकात इंग्रजी पलटणींत त्याचा अर्थ अगदी साधा होता : शिस्त मोडणाऱ्या शिपायास डांबावयाची खोली. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम किल्ल्यात अशीच एक खोली होती, सुमारे १८ फूट लांब व १५ फूट रुंद. २० जून १७५६ रोजी सिराजउद्दौल्याने किल्ला घेतला आणि त्या रात्री पकडलेले लोक तीत कोंडले गेले. त्यांतून वाचलेल्या होलवेलने पुढे लिहिले की, आत १४६ होते व १२३ गुदमरून मेले. ब्रिजेन गुप्त यांनी १९५९ साली चिकित्सा करून कोंडलेल्यांचा आकडा ६४ वर आणला. माणसे मेली हे खरे, पण होलवेलचा हिशेब फुगविलेला होता.

मराठी इतिहासांत हिचे नाव झाले 'अंधारकोठडी'. शब्द मोठा बाणेदार. परंतु तो वाचून कोणासही वाटावे की, नबाबाने कैद्यांच्या छळासाठी ही मुद्दाम बांधविली. वस्तुतः खोली इंग्रजांची आणि नावही त्यांनीच ठेवलेले! या एका गैरसमजावर कित्येक पिढ्यांनी परीक्षेत गुण मिळविले. कर्झनने १९०२ साली तेथे नवे स्मारक उभारले. सुभाषबाबूंच्या चळवळीनंतर १९४० साली ते हलवावे लागले.

पुढे १९६७ च्या सुमारास व्हीलर या शास्त्रज्ञामुळे तोच शब्द आकाशात रूढ झाला, आणि मराठीने या खेपेस 'कृष्णविवर' म्हटले. हे योग्यच झाले. तेथे दिवा नाही म्हणून अंधार आहे असे नव्हे. प्रकाशच बाहेर निसटू शकत नाही. अंधार ही अवस्था, काळा हा रंग. मराठी हे दोन वेगळे ठेवते, इंग्रजीचा 'ब्लॅक' दोन्ही कामे करतो.

१९७१ च्या युद्धात मुंबईच्या खिडक्यांना काळे कागद लागले, तेव्हा 'ब्लॅकआउट' हा शब्द घरोघर जसाच्या तसा राहिला. त्यास प्रतिशब्द शोधावयास कोणास सवड नव्हती.