वाऱ्याकडे पाहणारी दारे

आयर्लंडच्या पश्चिमेला अटलांटिकमध्ये अरन नावाची तीन बेटे आहेत. जॉन मिलिंग्टन सिंज हा लेखक 1898 ते 1902 या काळात पाच वेळा तिथे गेला, बहुतेक एकटाच. बदलत्या हवेतले सौंदर्य हा रिकामटेकड्या प्रवाशाचा चोचला, असे म्हणतात. सिंजचे 1907 साली छापलेले पुस्तक मात्र वेगळेच सुचवते. मधल्या इनिशमान बेटावर घराला समोरासमोर दोन दारे असत आणि वाऱ्याच्या आडोशाचे दार उघडे ठेवत. वारा उत्तरेचा असला की दक्षिणेचे दार उघडे, आणि चौकटीची जमिनीवरची सावली पाहून वेळ कळे. वारा फिरला की दार बदले आणि घड्याळच हरवे! मग घरातली म्हातारी सहाचा चहा तीनलाच करी. म्हणजे आभाळ हा इथे देखावा नव्हताच, दिवसाची मांडणीच त्याच्या हातात होती. लाकडी पट्ट्यांवर डांबरी कापड ताणलेल्या होडीतून बेटे ओलांडणारा एकटा पाहुणाही त्याच वेळापत्रकात अडके. थांबावे लागल्यामुळेच त्याला धुक्याच्या छटा दिसल्या.

आक्षेप रास्त आहे: सिंजला परतीची वाट होती, कोळ्यांना नव्हती. पण ते तो विसरला नाही. 1904 मध्ये रंगमंचावर आलेल्या त्याच्या ‘रायडर्स टू द सी’ नाटकात हाच समुद्र एका आईचा शेवटचा मुलगाही नेतो.