रोम कराराच्या पाऊणशे वर्षे आधी : कोकणातला सीमाशुल्क संघ

युरोपीय आर्थिक समुदायाचा रोम करार १९५७ चा. त्याच्या पाऊणशे वर्षे आधी दोन राज्यसत्तांची आर्थिक धोरणे एका मापात बसवण्याचा प्रयोग रत्नागिरी जिल्ह्याच्या वेशीवर झाला होता. (सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ साली, तोवर वेंगुर्ले, शिरोडे, रेडी रत्नागिरीतच. रेडीपलीकडे तेरेखोल, म्हणजे पोर्तुगीज मुलूख.)

२६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटन आणि पोर्तुगाल यांनी केलेला हा करार १५ जानेवारी १८८० पासून बारा वर्षांसाठी लागू झाला. ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा यांच्यातील जकात उठली. बाहेरून येणाऱ्या मालावर एकच दर, दारू-ताडीवर समान अबकारी. नाणेही जुळवले : १८८१ चा गोव्याचा 'रुपिया' कलकत्त्याच्या टांकसाळीत पडला. वजन आणि कस ब्रिटिश रुपयाचा, मुद्रा मात्र लिस्बनच्या राजाची!

पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री आंद्राद कोर्व्हु यांना मुरगावचे बंदर आणि घाटावर जाणारा लोहमार्ग हवा होता. त्यासाठी इंग्रजी भांडवल लागणार होते. इंग्रजांचे लक्ष होते मिठावर. १८७९ साली त्यांनी मीठ अडवण्यासाठी देशाच्या आरपार उभारलेली जकातरेषा, तिच्या प्रसिद्ध काटेरी कुंपणासह, मोडीत काढली. राजपुतान्यातील संस्थानांशीही मिठाचे करार केले. अशा वेळी गोव्याचे स्वस्त मीठ चोरवाटांनी आत येत राहिले, तर साऱ्या व्यवस्थेला भोक पडले असते. म्हणून गोव्याची मिठागरे ब्रिटिश नियंत्रणाखाली आली आणि बदल्यात पोर्तुगीजांना वर्षाला ४ लाख रुपये मिळू लागले. गोव्याच्या चुलीपाशी मीठ महागले. आगरी मजूर आणि माड छेदणारा भंडारी यांना तर कोणी विचारलेच नव्हते.

मला खरी मेख दिसते ती १८८२ मध्ये. त्या वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानाने बहुतेक आयातकर रद्द केले. मँचेस्टरच्या गिरणीमालकांचा कापडावरील कराविरुद्धचा लकडा जुनाच होता. दर सामायिक असल्यामुळे या निर्णयाची झळ पणजीच्या तिजोरीलाही लागली. दर दोघांचे, पण ते ठरवण्याचे वजन एकाचेच. मग त्याला समन्वय म्हणावे की अंकितपणा?

लोहमार्ग १८८८ मध्ये कॅसल रॉकला पोहोचला. करार मात्र जानेवारी १८९२ मध्ये संपला, त्याचे नूतनीकरण झाले नाही आणि सीमेवर जकातीची नाकी पुन्हा उभी राहिली. रुपिया तेवढा टिकला, थेट १९५० च्या दशकाअखेर एस्कुडो येईपर्यंत.